आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत आलेली मळमळ

पहिल्या केमोला मी साताऱ्याहून पुण्याला मजेत गेलो होतो. मजेत म्हणजे, घाबरलो होतो, पण शिरवळला गाडी थांबवून दोन वडापाव खाल्ले होते. जुलै २०१८. मानेतली गाठ, रात्री अंथरूण भिजवणारा घाम आणि चार महिन्यांत उतरलेलं नऊ किलो वजन, या सगळ्याला नाव मिळालं होतं हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. तिसरी पायरी. डॉक्टर म्हणाले, ‘कॅन्सरमध्ये निवडायची वेळ आली असती, तर हाच निवडा म्हटलं असतं.’ त्यांचा हेतू चांगला होता. मला मात्र भाजीवाल्याची आठवण झाली.

उपचार ठरला एबीव्हीडी. चार औषधं, दर पंधरा दिवसांनी एकदा, एकूण बारा वेळा. पहिलं लालभडक, ॲड्रियामायसिन. सिस्टर ते मोठ्या सिरिंजमधून हळूहळू सोडतात आणि नंतर लघवीही लाल होते. शेवटचं डकार्बाझिन. त्याला उजेड चालत नाही म्हणून पिशवीवर काळं कव्हर घालतात. ते शिरेतून जाताना हात कोपरापर्यंत जळतो. उलट्यांच्या बाबतीत या चौघांत तेच सर्वांत वाईट. पण आधी दिलेल्या ग्रॅनिसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन या उलटीवरच्या औषधांमुळे पहिल्या दोन वेळा निभावलं. घरी आल्यावर दोन दिवस पोट ढवळलं, तिसऱ्या दिवशी मऊ भात गेला.

तिसऱ्या वेळी खुर्चीत बसलो, अजून सुईही लागली नव्हती, आणि पोटात कालवलं. सिस्टरने हातावर सॅनिटायझर घेतलं, त्याचा वास आला, एवढंच निमित्त. चौथ्या वेळी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये. पाचव्या वेळी कात्रजच्या अलीकडे उलटी झाली. त्याच आठवड्यात एका दुपारी आम्ही साताऱ्याहून वाईला चाललो होतो, नातेवाइकाकडे बारशाला. आनेवाडीच्या टोलनाक्यावर गाडी रांगेत थांबली आणि मला दार उघडून बाहेर वाकावं लागलं. पुण्याला जायचंच नव्हतं. पण रस्ता तोच होता.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. पाव्हलॉव्हचा कुत्रा मी पोरांना शंभर वेळा सांगितलाय. घंटा वाजवायची, अन्न द्यायचं, काही दिवसांनी नुसती घंटा वाजवली तरी लाळ. रस्त्याकडेला वाकलेल्या अवस्थेत मला लख्ख दिसलं की मीच तो कुत्रा आहे. औषधाची मळमळ आधी सॅनिटायझरला चिकटली, मग लिफ्टला, मग कात्रजला. ती महामार्गावरून उलट दिशेने साताऱ्याकडे सरकत होती. याच हिशोबाने गेलं तर दहाव्या केमोला ती आमच्या दारात उभी राहणार होती.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांच्यासाठी हे नेहमीचंच होतं. औषध जाण्याआधीच होणारी ही मळमळ एकदा बसली की उलटीच्या गोळ्या तिच्यावर फारशा चालत नाहीत, कारण ती पोटातून येतच नाही. झोपेच्या गटातली एक गोळी त्यांनी आदल्या रात्रीसाठी लिहून दिली आणि म्हणाले, ‘खाली समुपदेशक मॅडम बसतात, त्यांना भेटा. त्या संमोहन शिकवतात.’

संमोहन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आली ती आमच्या शाळेतली १९८९ च्या सुमाराची एक दुपार. काळा कोट घातलेला एक माणूस आला होता. त्याने सातवीतल्या एका पोराला कच्चा कांदा सफरचंद म्हणून खायला लावला. आम्ही हसून लोटपोट, आणि ते पोर संध्याकाळपर्यंत रडत होतं. पुढे दाभोलकरांच्या साताऱ्यात वाढलेल्या कुठल्याही विज्ञान शिक्षकासारखा मीही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांना जात राहिलो. मला कुणी संमोहित करणार, हे ऐकूनच कान लाल झाले.

मॅडमना मी ते स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘सर, मी तुम्हाला काहीच करणार नाहीये. तुम्ही शिकणार आणि तुम्हीच करणार. सायकलसारखं आहे. मी फक्त मागून सीट धरीन.’

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. संमोहन म्हणजे झोप नव्हे आणि बेशुद्धीही नव्हे. लक्ष एका जागी इतकं गोळा व्हायला हवं की बाकीचे आवाज ऐकू येतात पण खेचून नेत नाहीत. एसटीत खिडकीला बसून आपण आपला थांबा विसरतो, तसं. त्या अवस्थेत शरीराला दिलेली सूचना जास्त सहज रुजते. काहींना ते पटकन जमतं, बहुतेकांना सरावाने, काहींना अजिबात नाही. आणि कॅन्सरच्या पेशींवर त्याने काहीही फरक पडत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा उच्चारलं. त्या वाक्यामुळे मी खुर्चीत नीट टेकून बसलो.

पहिल्या दिवशीची कृती साधी. भिंतीवर नजरेच्या थोडं वर एक बिंदू बघत राहायचं. श्वास घेताना दोन मोजायचे, सोडताना चार. पापण्या जड झाल्या की मिटू द्यायच्या. मग उजवा हात जड, डावा हात जड, दोन्ही खांदे खाली. हे ‘हात जड’ प्रकरण जर्मन डॉक्टर योहानेस शुल्ट्झ यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आलंय, असं नंतर वाचलं. मग दहा पायऱ्या उतरायच्या आणि खाली आपल्या आवडीच्या, सुरक्षित जागी पोचायचं. तिथे सूचना. मग एक ते पाच मोजत वर.

आवडीची जागा म्हणून मॅडमनी समुद्रकिनारा सुचवला. मला समुद्र आवडत नाही. खारट, चिकट आणि पायाखालची वाळू सरकते. मळमळणाऱ्या माणसाला लाटा दाखवणं म्हणजे तर कहरच. दुसरी जागा आठवा, त्या म्हणाल्या. आणि पायऱ्या म्हटल्याबरोबर मला आजोळची विहीर दिसली.

माझं आजोळ लिंब गाव. साताऱ्याजवळच्या या गावातली बारा मोटांची विहीर तुम्ही पाहिली नसेल तरी फोटोत पाहिली असेल. अठराव्या शतकातली, वरून पाहिलं तर शिवलिंगासारखी दिसणारी, आत उतरायला दगडी जिना, मोटा चालायच्या त्या जागा वर. मे महिन्यात आम्ही पोरं तिथे दुपारी पळून जायचो. बाहेर ऊन तापलेलं असायचं आणि चार पायऱ्या उतरलं की गार हवेचा पहिला झोत घोट्यांना लागायचा. दगडाचा, शेवाळाचा, पाण्याचा वास. मी डोळे मिटूनच मॅडमना म्हणालो, ‘सापडली.’

त्यांनी मोबाईलवर ध्वनिफीत करून दिली. मागे बासरी. दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटं, खुर्चीत बसून ऐकायची. मी आज्ञाधारकपणे ऐकू लागलो आणि चार दिवस काहीही झालं नाही. मॅडमचा आवाज छान होता, पण भाषा पुस्तकी. ‘आता आपण हळुवारपणे पुढील पायरीवर पाऊल ठेवत आहात.’ लिंबच्या विहिरीत माझ्याशी असं कुणी कधी बोललेलं नाही. ते ऐकताना मी विहिरीत कमी आणि निरोप समारंभात जास्त असायचो.

शेवटी आईला म्हटलं, तू बोल. तिचं माहेरच ते. तिने आधी आढेवेढे घेतले, मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून माझ्या मोबाईलमध्ये एका दमात बोलली. ‘डोळं मीट. खांदं सोड खाली. आता आपण हिरीवर आलोय. पहिली पायरी. दगूड गार लागतोय बग पायाला. दुसरी. घाई नको. तिसरी...’ सहाव्या पायरीला मागे कुकरची शिट्टी झाली. आई क्षणभर थांबली, गॅस बारीक केल्याचा आवाज आला, आणि मग ‘हां, सातवी.’ पुन्हा रेकॉर्ड करू म्हणाली. मी नको म्हटलं. तेच लागू पडलं मला, पहिल्याच दिवशी.

कसं वाटतं, हे सांगणं अवघड आहे. गुंगी नाही. बाहेर भाऊ मोटारसायकलला किक मारत होता ते ऐकू येत होतं. पण हात मांडीवर कुणी ठेवून गेल्यासारखे पडले होते आणि ते उचलायचा कंटाळा आला होता. घोट्यांना खरोखर गार लागलं. मी डोळे उघडले तेव्हा पाच मिनिटं झाली असतील असं वाटलं. अठरा झाली होती.

सूचनांचीही एक गंमत होती. मी आपल्या मनाने ‘मला मळमळणार नाही’ असं ठरवलं होतं. मॅडमनी विचारलं, ‘सर, औषध पिताना माकड आठवायचं नाही, ही वैद्याची गोष्ट माहितीये ना?’ माहीत होती. ‘नाही’ म्हणायला आधी ती वस्तू समोर आणावी लागते. म्हणून सूचना बदलली: पोट गार आहे, विहिरीच्या पाण्यासारखं स्थिर आहे. सोबत अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर दाबायचं, म्हणजे पुढे कधी गर्दीत नुसतं बोट दाबलं तरी शरीराला खूण पटते. थोडक्यात नवी घंटा, नवं अन्न. पाव्हलॉव्हनेच बिघडवलेलं पाव्हलॉव्हच्याच पद्धतीने दुरुस्त करायचं. हे कळल्यावर माझ्यातला विज्ञान शिक्षक शांत झाला.

खरी मेहनत पुढे होती. रोज संध्याकाळी विहिरीच्या तळाशी पोचल्यावर मी मनातल्या मनात पुण्याचा रस्ता धरायचो. लिंबफाटा, पोट स्थिर. आनेवाडी, रांग, पोट स्थिर. पाचवड, सुरूर, मग खंबाटकीचा बोगदा. जिथे ढवळायला लागेल तिथे थांबायचं, चार पायऱ्या परत विहिरीत, गार वाटलं की पुन्हा रस्त्यावर. पहिल्या आठवड्यात बोगद्याच्या पुढे गेलोच नाही. शिरवळला पोचलो त्या दिवशी बायकोला हाक मारून सांगितलं, ‘आज शिरवळ!’ ती म्हणाली, ‘वडापाव आणलात का?’

सहाव्या केमोला आनेवाडी ओलांडली. मळमळ बोगद्यात भेटली, पण उलटी नाही. सातव्याला शिरवळ, आठव्याला थेट कात्रज. मी तिला तिच्या गावाकडे ढकलत होतो.

मधे दुसऱ्या महिन्यानंतरचा पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर कुठे उरलाय ते दाखवणारी तपासणी, स्वच्छ आला होता. त्यामुळे चार औषधांपैकी फुप्फुसांना त्रास देणारं ब्लिओमायसिन पुढच्या वेळांतून काढून टाकलं. हे संमोहनाच्या आधीचं. मुद्दाम सांगतोय, कारण एका पाहुण्याने नंतर चार माणसांत जाहीर केलं की मी मनःशक्तीने कॅन्सर घालवला. गाठी औषधांनी गेल्या, आणि मी पहिली पायरी उतरायच्या आधी गेल्या. याच पाहुण्याने मला कुठल्याशा शिबिराचं पत्रकही आणून दिलं होतं, ‘केमोशिवाय, फक्त संमोहनाने’. ते मी रद्दीतही घातलं नाही, फाडलं.

पांढऱ्या पेशी सैनिक आहेत, ते गाठींवर तुटून पडतायत, अशी चित्रं डोळ्यांपुढे आणायची एक पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कार्ल सायमन्टन नावाच्या डॉक्टरांनी पुढे आणली. मी दोन दिवस करून पाहिली. तिसऱ्या दिवशी मनात आलं, उद्या गाठ वाढली तर म्हणजे माझे सैनिक आळशी? आजारही माझा आणि हरल्याचा दोषही माझाच? सोडून दिलं. विहीर बरी. ती कुणाशी लढत नाही.

हाताच्या जळण्यासाठी मॅडमनी वेगळी युक्ती दिली. आधी तळहात गार पाण्यात बुडालाय असं मनात आणायचं, बोटं बधिर होईपर्यंत थांबायचं, मग तो बधिर हात दुखणाऱ्या जागी ठेवायचा आणि बधिरपणा तिकडे उतरू द्यायचा. डकार्बाझिन चालू झालं की मी डावा हात पाण्यात सोडायचो आणि उजव्या कोपरावर ठेवायचो. जळणं थांबलं नाही, पण कुणा शेजाऱ्याचा हात जळतोय इतकं लांब गेलं. सिस्टरने ठिबक हळू केलं आणि गरम शेक दिला त्याचाही वाटा होताच. किती कुणाचा, ते मोजायला मी प्रयोगशाळेत नव्हतो.

त्याच काळात वाचनात आलं की हे सगळं आपल्याकडे फार पूर्वी झालंय. १८४५ साली बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन भूल नसताना नुसत्या अशा गुंगीत शस्त्रक्रिया करत होता. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याच्यासाठी वेगळं इस्पितळच काढलं. मग १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आलं आणि विषय मागे पडला. साहजिक आहे. मलाही कुणी क्लोरोफॉर्म आणि लिंबची विहीर यांतून निवडायला सांगितलं, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर मी क्लोरोफॉर्मच मागीन. पण अलीकडचंही एक काम आहे. न्यू यॉर्कच्या माउंट सिनाई इस्पितळात स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी २०० स्त्रियांपैकी निम्म्यांना पंधरा मिनिटं संमोहन दिलं, निम्म्यांशी नुसत्या गप्पा मारल्या. संमोहनवाल्यांना नंतर दुखणं, मळमळ, थकवा कमी झाला आणि भुलीचं औषधही कमी लागलं. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ते कळल्यावर खुर्चीत डोळे मिटून बसायची लाज कमी झाली. शेजारच्या खुर्चीतले आजोबा मला ध्यानाला बसलेला बुवा समजून एकदा नमस्कार करून गेले होते.

आता माझी चूक. आठव्या केमोनंतर नवव्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास अंगात शिरशिरी भरली. मी ठरवलं, ही भीती आहे. खोलीचं दार लावलं, आईचा आवाज लावला आणि उतरलो विहिरीत. छान शांत वाटलं. अर्ध्या तासाने पुन्हा शिरशिरी, मी पुन्हा उतरलो. अकरा वाजता बायकोने कपाळाला हात लावला आणि थर्मामीटर आणला. १०२.४. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या होत्या. त्या रात्रीच दाखल झालो, चार दिवस शिरेतून प्रतिजैविकं. डॉक्टर चिडले आणि बरोबरच चिडले. केमो चालू असताना १००.४ च्या वर ताप गेला की फोन करायचा, हे फाईलच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं. मी दोन तास गार पाण्यात पाय सोडून बसलो होतो. जी विद्या मळमळीला गप्प करते, तीच धोक्याच्या घंटेलाही गप्प करू शकते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवायला हवं होतं. त्यानंतर नियम केला: आधी थर्मामीटर, मग विहीर.

तापाच्या त्या चार दिवसांत एकदाही जमलं नाही. तिसऱ्या पायरीवरच लक्ष सुटायचं. थकव्यावरही त्याचा उपयोग झाला नाही, निदान मला. दहा पायऱ्या मनात उतरणारा मी घरच्या जिन्यात मात्र चौथ्या पायरीला बसायचो.

ताप उतरल्यावर एक आठवडा उशिरा नववी केमो झाली आणि तिच्यात सगळं फसलं. समोर एक गृहस्थ फोनवर प्लॉटचा सौदा करत होते, तासभर, मोठ्याने. पाचव्या पायरीला गुंठ्याचा भाव ऐकू येत होता. सिस्टरने लाल सिरिंज हातात घेतली आणि मला ट्रेमध्ये ओकारी आली. नंतर मॅडम म्हणाल्या, ‘आवाजाशी भांडू नका, त्याला विहिरीत घ्या.’ म्हणजे काय ते दहाव्या वेळी समजलं. टीव्हीवर मालिका चालली होती. त्या बायकांची भांडणं मी विहिरीच्या काठावर धुणं धुणाऱ्यांना देऊन टाकली आणि खाली उतरलो.

बारावी केमो डिसेंबरच्या शेवटी झाली. मळमळ तेव्हाही भेटली, फक्त लाल सिरिंज दिसल्यावर, मिनिटभर. तिच्या मूळ जागेपासून हाताच्या अंतरावर. त्याहून मागे मी तिला ढकलू शकलो नाही.

घरात मात्र वेगळाच घोळ झाला होता. रोज दोनदा, कित्येक आठवडे मी आईच्या आवाजामागची ती कुकरची शिट्टी ऐकली होती. आता खरा कुकर वाजला की माझे खांदे आपोआप खाली यायचे. जेवायच्या आधी मी डुलक्या काढतोय म्हणून बायको वैतागायची. आई मात्र खूश. पाहुण्यांना दाखवायला ती मुद्दाम मला स्वयंपाकघरात बोलवायची.

संत्र्याच्या गोळ्या मला आजही चालत नाहीत. केमोच्या वेळी तोंडाची चव जाऊ नये म्हणून चघळायचो, त्यांचं आणि माझं कायमचं बिनसलं. त्यांच्यासाठी कधी विहिरीत उतरलो नाही. संत्र्याच्या गोळीवाचून माणसाचं काही अडत नाही.

सॅनिटायझरची गोष्ट वेगळी. सवा वर्ष मी तो वास फक्त दर तीन महिन्यांच्या तपासणीला घ्यायचो. मग २०२० आलं आणि किराणा दुकानापासून बँकेपर्यंत प्रत्येक दारात ती बाटली उभी राहिली. अख्खं सातारा शहर केमोचा वॉर्ड झालं. नोव्हेंबरात नववी-दहावीचे वर्ग पुन्हा सुरू व्हायचे होते. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकात शिपाईमामांनी माझ्या तळहातावर दोन थेंब टाकले आणि पोट थेट कात्रजला जाऊन आलं. मागे पोरं अंतर राखून रांगेत उभी. मी अंगठा आणि बोट दाबलं, मास्कच्या आत चार मोजत श्वास सोडला. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. घोट्यांना गार लागलं. ‘सर, पुढं चला की,’ मागून एक पोरगी म्हणाली.

आठवडाभर तसं केलं. जमत होतं. मग एका सकाळी मामांना म्हटलं, ‘मला आपला साबण द्या, मी नळावर हात धुतो.’

‘मग आधीच सांगायचं ना सर,’ ते म्हणाले, ‘रोज डोळं मिटून उभं ऱ्हायचा, मला वाटायचं प्रार्थना म्हणताय.’